'श्यामची आई'मधील नैतिक विचार आणि साहाय्यवृत्ती

साने गुरुजींच्या 'श्यामची आई'कडे मराठी समीक्षेने प्रामुख्याने मातृप्रेमाची गाथा म्हणून पाहिले आहे. फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या बेचाळीस रात्री एका मुलाच्या नैतिक घडणीचा आलेख म्हणून वाचल्यास मात्र निराळे प्रश्न उभे राहतात. मुलांच्या नैतिक निर्णयशक्तीवरील झाँ पियाजे यांचा ग्रंथ १९३२ सालचा. म्हणजे हे दोन्ही लेखन एकाच काळातील, परंतु परस्परांपासून सर्वस्वी स्वतंत्र.

पियाजे यांच्या मते लहान मूल नियमाला वडीलधाऱ्यांकडून आलेला व अपरिवर्तनीय मानते. पुढे सवंगड्यांबरोबरच्या सहकार्यातून नियम हा परस्परसंमतीचा विषय होतो. लॉरेन्स कोहलबर्ग यांनी १९५८ च्या प्रबंधापासून या विचाराची तीन पातळ्या व सहा अवस्थांची मांडणी विकसित केली. हे माप श्यामला लावले तर तो बराच काळ खालच्या पायऱ्यांवरच दिसतो. आई रागावेल, आईला वाईट वाटेल, हीच त्याची कारणे. त्यावरून हे पुस्तक आज्ञाधारकपणाचे पाठ देते असे म्हणणे सोपे आहे; पण 'मुकी फुले' या प्रकरणापाशी तो निष्कर्ष अडखळतो. उमलण्यापूर्वीच कळ्या तोडणाऱ्या श्यामपुढे आई नियम ठेवत नाही, कळीची बाजू ठेवते. 'अळणी भाजी'मध्ये तर उपदेशाआधी वर्तन येते: वडील मीठ नसलेली भाजी निमूटपणे खातात आणि मूल ते पाहते.

या दृष्टीने सर्वांत मोलाचा प्रसंग मोळीवाल्या वृद्ध महार स्त्रीचा आहे. तिची मोळी उचलून डोक्यावर देण्यास आई श्यामला पाठवते, आणि परत आल्यावर स्नान करण्यासही सांगते. साहाय्य आणि विटाळ एकाच वाक्यात नांदतात! कोहलबर्ग यांच्या शिडीवर या आईला कोठे बसवावे? विचार रूढीच्या पातळीवर आहे, हात मात्र पुढे गेला आहे. कॅरोल गिलिगन यांनी १९८२ मध्ये कोहलबर्ग यांच्यावर घेतलेला आक्षेप येथे उपयोगी पडतो. न्यायाच्या तत्त्वांवर आधारलेले माप नात्यातील जबाबदारी व काळजी यांची नीती कमी लेखते, असे त्यांचे म्हणणे. आईची नीती या दुसऱ्या प्रकारची आहे.

तथापि गिलिगन यांच्या आधारे आईची सुटका करून घेणे हेही पुरेसे नाही. काळजीची नीती समोरच्या माणसाचे ओझे पाहते. ते ओझे त्याच्या माथी कोणत्या व्यवस्थेने दिले, हे पाहीलच असे नाही. मोळी उचलली जाते, विटाळ जागच्या जागी राहतो. त्या वृद्धेच्या मनात काय चालले असेल, याला पुस्तकात फारशी जागा नाही, आणि ही उणीव भाबड्या गौरवपर समीक्षेने झाकून ठेवली आहे.

लेखकाचे पुढील आयुष्य या प्रसंगाचे खरे भाष्य ठरते. मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी उपोषण केले. येथे व्यक्तीवरील दया उरत नाही, हक्काचा प्रश्न उभा राहतो. आईने लावलेली करुणा आधी आली, तत्त्व मागाहून. विचार पक्व झाल्यावर कृती घडते, हा क्रम निदान या उदाहरणात उलटा आहे.

सेनगाव तालुक्यातील गोरेगावसारख्या गावांतून महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्यांना हा क्रम अपरिचित नसावा. पेरणीच्या दिवसांत शेजाऱ्याच्या शेतात राबण्यासाठी त्यांना नीतिशास्त्राची तासिका लागत नाही. राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तासांच्या सेवेची नोंद होते. त्या सेवेनंतरच्या चर्चेची मात्र तशी नोंद होत नाही. याच हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची आख्यायिका येथे लहान मुलालाही ठाऊक असते. पंढरपुरात त्याच नामदेवांच्या पायरीजवळ चोखामेळ्याची समाधी आहे, आणि चोखोबांच्या समाजाला त्या पायरीच्या पलीकडे जाण्यासाठी १९४७ साल उजाडावे लागले.