पाणी कोण भरतंय?

बंगळुरूच्या के. आर. पुरममध्ये आयटीच्या नोकरीनिमित्त राहणाऱ्या आम्हा मराठी मित्रांत रोल-प्लेइंग गेमविषयी एक तक्रार हमखास निघते. जग वाचवायला निघालेल्या नायकाला वाटेत भेटेल तो कामाला जुंपतो: तळघरातले उंदीर मार, हरवलेलं भांडं शोधून दे. मला ही तक्रार अर्धीच पटते. काम हलकं असण्यात काही वावगं नाही. ते कोण करतंय याचं भान गेमला नसलं, की मात्र सगळी मजा जाते.

१९९८च्या ‘बाल्डर्स गेट’ची सुरुवात एका ग्रंथगढीत उंदीर मारण्यापासून, आजारी गायीला औषध आणून देण्यापासून होते. ते शोभतं, कारण नायक त्या ग्रंथगढीत वाढलेलं पोरकं पोर आहे. ‘किंगडम कम: डिलिव्हरन्स’ (२०१८) तर याहून सरस. हेन्री हा लोहाराचा मुलगा. बाप त्याला भट्टीसाठी कोळसा आणायला, गार बिअर आणायला, कुनेशकडची थकबाकी वसूल करायला धाडतो. कुनेश पैसे देत नाही, उलट हातघाईवर येतो, आणि आपला नायक किती कच्चा आहे हे आपल्याला कळतं. मग फौज येऊन त्याचं गाव स्कालित्झ जाळते. ज्या गल्ल्यांतून आपण नुकत्याच खेपा घातल्या, त्याच पेटलेल्या दिसतात. त्या खेपांशिवाय हा घाव इतका खोल बसला नसता.

याउलट ‘फॉलआउट ४’ (२०१५). प्रेस्टन गार्वी हा साथीदार आपल्याला जनरल करतो आणि लगेच दुसऱ्या वस्तीच्या मदतीला पिटाळतो, पुन्हा, पुन्हा. जनरलने दुसऱ्या कुणाला पाठवावं, हे कुणाच्या मनातही येत नाही.

मग थोरामोठ्यांनी हलकं काम करूच नये का? मराठी माणूस तरी असं म्हणणार नाही. पैठणला एकनाथांच्या घरी देव श्रीखंड्या होऊन कावडीने पाणी भरत होता, ही कथा आपण लहानपणापासून ऐकली आहे. ती मनाला भिडते ती पाणी भरणारा कोण हे आपल्याला ठाऊक असतं म्हणूनच. ‘द विचर ३’मध्ये (२०१५) एक म्हातारी नायक गेराल्टला तव्याच्या शोधाला लावते. पण माग काढणं हीच त्याची विद्या, त्यामुळे तव्याची काजळी शाईसाठी खरवडलेली आहे, हे त्याच्याच नजरेला दिसतं. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’मध्ये (२०१८) जॉन मार्स्टन जिम मिल्टन या खोट्या नावाने गोठ्यातलं शेण उपसतो, आणि बंदूकबाजाने संसारासाठी काय पत्करलंय ते फावड्यागणिक उमगतं. काटेकोरपणे हा रोल-प्लेइंग गेम नव्हे, पण या बाबतीत त्याने अनेकांना धडा घालून दिला.

‘रेड डेड रिडेम्प्शन २’च्या निर्मितीत रॉकस्टार कंपनीच्या बंगळुरूतल्या स्टुडिओचाही हात होता. म्हणजे कसब आपल्याच शहरात आहे. मग पैठणचा गेम इथे का होऊ नये? खेळाडूच्या खांद्यावर कावड द्यावी, रांजण भरल्याबद्दल एकही गुण देऊ नये, आणि वाड्यातल्या माणसांचं त्याच्याशी बोलणं मात्र खेपेगणिक बदलत न्यावं.