‘हस्तक्षेपा’ची परिभाषा : नॉर्दर्न टेरिटरीतील २००७ च्या धोरणाचे एक परीक्षण

आदिम समाजांविषयीच्या शासकीय धोरणाची चर्चा बहुधा समाजशास्त्रज्ञ व विधिज्ञ करीत आले आहेत. भाषेच्या अभ्यासकाने तीत पडावे काय, असा प्रश्न सकृद्दर्शनी उपस्थित होईल. परंतु ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीत २००७ साली अमलात आलेल्या धोरणाचा आधार म्हणून एका अहवालाकडे बोट दाखविण्यात आले होते. एखादा ग्रंथ कसा वाचला गेला, त्यातील कोणते वाक्य उचलले व कोणते टाकले, हा निश्चितच आपल्या शास्त्राच्या कक्षेतील प्रश्न आहे. ह्या धोरणाची परिभाषा तपासावी आणि त्या परिभाषेचे व्यवहारात काय परिणाम झाले ते पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१

रेक्स वाइल्ड व पॅट अँडरसन ह्यांनी सिद्ध केलेला अहवाल १५ जून २००७ रोजी प्रसिद्ध झाला. बालकांवरील लैंगिक अत्याचार हा त्याचा विषय. त्याचे शीर्षक दुहेरी आहे : प्रथम मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातील अरान्डिक भाषागटातील वाक्य, आणि नंतर ‘लहान मुले पवित्र आहेत’ ह्या अर्थाचे इंग्रजी वाक्य. ही केवळ शोभा नव्हे. बालकांविषयीचा आदर हा बाहेरून शिकवावयाचा विषय नसून ह्या समाजांच्या स्वतःच्या धर्मनियमांतच तो आहे, अशी भूमिका त्या शीर्षकातून लेखकांनी घेतली आहे. ४५ वस्त्यांना भेटी देऊन लिहिलेल्या ह्या अहवालात ९७ शिफारशी आहेत. पहिल्या शिफारशीत दोन गोष्टी एकत्र गुंफलेल्या आहेत. हा प्रश्न तातडीचा व राष्ट्रीय महत्त्वाचा मानावा, ही एक. आणि उपाय योजताना त्या त्या समाजाशी खराखुरा विचारविनिमय करावा, ही दुसरी. ह्या दोन अंगांना तोडले की शिफारस शिफारस राहत नाही.

सहाच दिवसांनी, २१ जून रोजी, पंतप्रधान जॉन हॉवर्ड व मंत्री मॅल ब्रफ ह्यांनी ‘राष्ट्रीय आणीबाणी प्रतिसाद’ जाहीर केला. ७ ऑगस्टला पाच विधेयके प्रतिनिधिगृहात मांडली गेली व त्याच दिवशी तेथे संमत झाली. १७ ऑगस्टला त्यांचे कायद्यात रूपांतर झाले. तातडी घेतली गेली, विचारविनिमय वगळला गेला. केंद्र सरकारच्या उपायांचा आपल्या शिफारशींशी संबंध दिसत नाही, असे अहवालकर्त्यांनाच पुढे सांगावे लागले.

२

आता परिभाषेकडे वळू. पहिला शब्द ‘आणीबाणी’. हॉवर्ड ह्यांनी ह्या परिस्थितीची तुलना अमेरिकेतील कॅटरिना चक्रीवादळाशी केली. उपमेचे कार्य साम्य दाखविण्याचे असले, तरी वैधर्म्य झाकण्याचेही असते. वादळ बाहेरून येते, अकस्मात येते, आणि त्याला कोणी जबाबदार नसते. येथे मात्र घरांची टंचाई, शाळा व दवाखान्यांची वाण, पोलिसांचा अभाव ही अनेक दशकांच्या शासकीय दुर्लक्षाची फळे होती. ‘वादळ’ म्हटल्याबरोबर दुर्लक्ष करणारा कर्ता वाक्यातून नाहीसा होतो आणि तोच मदतकर्ता म्हणून पुन्हा प्रवेश करतो.

दुसरा शब्दसमूह कार्यक्रमाच्या टप्प्यांचा : स्थिरीकरण, सामान्यीकरण व निर्गमन. ह्यांतील ‘सामान्यीकरण’ ह्या शब्दावर क्षणभर थांबले पाहिजे. जे सामान्य करावयाचे ते आज असामान्य आहे, हे ह्या शब्दात गृहीत धरलेले असते. ते सिद्ध करण्याची गरज उरत नाही. सामूहिक जमीनधारणा, वस्तीत प्रवेशासाठी लागणारा परवाना, मातृभाषेतील शाळा ह्या गोष्टी अत्याचाराच्या पंक्तीला कशा जाऊन बसल्या, ह्याचे उत्तर बव्हंशी ह्या एका शब्दात सापडते. वस्त्यांच्या जमिनी पाच वर्षांच्या सक्तीच्या भाडेपट्ट्याने ताब्यात घेण्याचा बालकांच्या संरक्षणाशी काय संबंध, हे कधीच समाधानकारकपणे सांगितले गेले नाही.

तिसरा व सर्वांत महत्त्वाचा शब्दप्रयोग ‘विशेष उपाय’. १९७५ च्या वंशभेदविरोधी कायद्यात मागासलेल्या गटाच्या उन्नतीसाठी योजलेल्या विशेष उपायांना सूट आहे. २००७ च्या कायद्याने आपल्या तरतुदी म्हणजे असे विशेष उपाय होत, असे घोषित केले. आणि त्याच कलमात वंशभेदविरोधी कायद्याचा मुख्य भाग त्यांना लागू होणार नाही, असेही म्हटले. ऑस्टिन ज्याला कृतिवाक्य म्हणतो, त्याचा हा नमुना आहे : उच्चार हीच कृती. परंतु कृतिवाक्य सफल होण्यासही काही अटी असतात. ज्यांच्या हितासाठी उपाय योजावयाचा त्यांचा सल्ला घेणे ही येथील अट. वंशभेदनिर्मूलनासंबंधीच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने ती २००९ साली स्पष्ट शब्दांत मांडली. शिवाय, उपाय खरोखरच विशेष असता, तर मूळ कायद्याला बाजूला सारण्याचे कारणच काय होते? एकाच कलमात दोन्ही विधाने करावी लागली, ह्यातच पहिल्यावर विधिकर्त्यांचा पुरता विश्वास नव्हता, असे अनुमान निघते.

३

ह्यावर पूर्वपक्ष असा की, मुलांवर अत्याचार होत असता शब्दांची चिकित्सा करीत बसणे हे सुखवस्तूंचे काम आहे. हा आक्षेप हलका नाही. अहवालातील वर्णन खोटे नव्हते. युएंडुमूच्या बेस प्राइस व विदुषी मार्शिया लँगटन ह्यांसारख्या ॲबोरिजिनल स्त्रियांनीही हस्तक्षेपाची बाजू मांडली. जेथे पूर्वी पोलीसच नव्हते अशा वस्त्यांत ते आले, ह्याचे अनेक रहिवाशांनी स्वागत केले. हस्तक्षेप नको होता, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. परंतु तो कोणाविरुद्ध होता, हे परिभाषेने ठरविले. उत्पन्ननियंत्रणाखाली शासकीय साहाय्याची निम्मी रक्कम अन्न, वस्त्र, घरभाडे अशा खर्चासाठी राखून ठेवण्यात आली, ती गुन्हा केलेल्या व्यक्तीची नव्हे. ‘विहित क्षेत्रा’तील ७३ वस्त्यांत राहणाऱ्या साहाय्यधारकांची, सरसकट. नातवंडांना वाढविणारी, मद्याला न शिवलेली आजीही त्यात आली. वस्तीच्या वेशीवर मद्य व अश्लील साहित्याच्या बंदीचे मोठे फलक लागले. तेथून जाणाऱ्या प्रत्येकाने ते गावाचे वर्णन म्हणूनच वाचले. संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक जेम्स अनाया ह्यांनी २००९ च्या भेटीनंतर हे उपाय उघडउघड भेदभावाचे असून आधीच कलंकित झालेल्या समाजांना ते अधिक कलंकित करतात, असा निर्वाळा दिला.

फलिताच्या कसोटीवरही निष्कर्ष उत्साहवर्धक नाहीत. दहा वस्त्यांतील दुकानांच्या विक्रीचा २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास उत्पन्ननियंत्रणामुळे आहार सुधारल्याचे दाखवू शकला नाही. त्याच्या सुधारित रूपाचे २०१४ चे शासननियुक्त मूल्यमापनही अपेक्षित वर्तनबदलाचा भरीव पुरावा देऊ शकले नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तर ह्या योजनेच्या आरंभकाळाशी नवजात बालकांच्या सरासरी वजनातील घट निगडित असल्याचे आढळले. ज्या बालकांच्या नावाने हे सारे झाले, त्यांच्याविषयीचा हा निष्कर्ष आहे.

४

भाषाभ्यासकाला विशेष जिव्हाळ्याचा भाग शाळेचा. नॉर्दर्न टेरिटरीतील द्विभाषिक शिक्षण १९७३ मध्ये सुरू झाले. वार्लपिरी, योल्ङु मथा अशा भाषांत मुले प्रथम वाचावयास शिकू लागली. ऑक्टोबर २००८ मध्ये टेरिटरीच्या सरकारने शाळेच्या दिवसाचे पहिले चार तास इंग्रजीतच शिकविले जावेत, असे जाहीर केले. हा निर्णय केंद्राच्या आणीबाणी कायद्याचा भाग नव्हता, हे सांगितले पाहिजे. परंतु ‘सामान्यीकरणा’च्या हवेतच तो घेतला गेला. कारण दिले ते राष्ट्रीय चाचण्यांतील निकालांचे. त्या चाचण्या इंग्रजीत होत्या. घरी वार्लपिरी बोलणाऱ्या आठ वर्षांच्या मुलाची इंग्रजी चाचणी त्याचे इंग्रजी मोजते. त्याची साक्षरता मोजते असे म्हणता येत नाही. शिवाय दोष द्विभाषिकतेचाच आहे हे दाखविण्यास द्विभाषिक शाळांची तशाच परिस्थितीतील केवळ इंग्रजी शाळांशी काटेकोर तुलना हवी होती. निर्णयापूर्वी तशी तुलना सिद्ध झालेली नव्हती. मातृभाषेला दुपारच्या दमलेल्या तासात ढकलण्यात आले, आणि तिच्याबरोबर शाळेत मानाने वावरणाऱ्या स्थानिक शिक्षिकाही कडेला सरल्या. २०१२ मध्ये संसदीय समितीने ‘अवर लँड अवर लँग्वेजेस’ ह्या अहवालात द्विभाषिक शिक्षणाचा पुरस्कार केला, तोवर काही वर्षे वाया गेली होती. लहान मुलाच्या आयुष्यात ती परत मिळत नाहीत.

५

वंशभेदविरोधी कायद्याचे स्थगित भाग २०१० अखेर पुन्हा लागू झाले. २०१२ च्या कायद्याने अनेक तरतुदी नव्या नावाने दहा वर्षे चालविल्या व त्या २०२२ मध्ये संपल्या. मद्यबंदी उठल्यानंतर ॲलिस स्प्रिंग्जमध्ये हिंसाचार वाढला व फेब्रुवारी २०२३ मध्ये निर्बंध पुन्हा आणावे लागले. पूर्वपक्षाचे समर्थक ह्याकडे बोट दाखवितात. वस्तुतः ह्यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे : पंधरा वर्षांत ‘निर्गमना’ची तयारी झालीच नाही, कारण जे हाती घ्यावयाचे, ते घेणारे हात घडविण्याऐवजी बांधले गेले.

आपल्या भाषेत ‘हस्तक्षेप’ म्हणजे हात मध्ये घालणे. कोणाचा हात आणि कोणाच्या कामात, हे विचारल्यावाचून तो शब्द पुरा होत नाही. पॅट अँडरसन ह्यांनी हाच प्रश्न पुढे सार्वमत परिषदेच्या सहअध्यक्ष म्हणून, २०१७ च्या उलुरू निवेदनाच्या निमित्ताने, राष्ट्रापुढे ठेवला. १४ ऑक्टोबर २०२३ च्या सार्वमतात संसदेला सल्ला देणाऱ्या ‘व्हॉइस’ची कल्पना सुमारे साठ टक्के मतदारांनी नाकारली, नॉर्दर्न टेरिटरीच्या दुर्गम वस्त्यांतील फिरत्या केंद्रांवर मात्र बहुतांश कौल होकाराचा होता. २००७ च्या पहिल्या शिफारशीचे दुसरे अंग अद्याप वाचले जावयाचे आहे. ते वाचले गेले असते तर प्रत्येक मूल सुरक्षित झाले असते, असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. परंतु ज्यांच्याशी बोलावयाचे त्यांच्या भाषेत न बोलता केलेले संरक्षण काय देते व काय हिरावून घेते, ह्याचा हिशेब आता आपल्यासमोर आहे.