'तेथे' म्हणजे नेमकं कुठे?

मोबाइलची भाषा मराठी ठेवली की कधी ना कधी असं वाक्य समोर येतं : 'तेथे कोणतेही नवीन संदेश नाहीत.' तेथे म्हणजे कुठे? कुठेच नाही. मूळ इंग्रजी वाक्यातला 'देअर' जागा दाखवतच नव्हता. मी सॉफ्टवेअर लिहितो, अशी वाक्यं रोज बघतो. पण माझी तक्रार भाषांतर करणाऱ्यापेक्षा व्याकरणातल्या नावांबद्दल आहे.

'देअर इज अ डॉग इन द गार्डन' हे वाक्य घ्या. ऑटो येस्पर्सन यांनी 1924 च्या 'द फिलॉसॉफी ऑफ ग्रामर'मध्ये अशा वाक्यांसाठी 'एक्झिस्टेन्शियल' हे नाव सुचवलं, म्हणजे अस्तित्ववाचक. यातल्या 'देअर'ला कुणी 'डमी' म्हणतं, कुणी 'एक्सप्लेटिव्ह', म्हणजे जागा भरणारा. 'डॉग'ला क्वर्क आणि सहकाऱ्यांच्या 1985 च्या व्याकरणात 'नोशनल सब्जेक्ट' म्हटलंय. हडलस्टन आणि पुलम यांच्या 2002 च्या व्याकरणात तो 'डिस्प्लेस्ड सब्जेक्ट' आहे, म्हणजे जागेवरून हललेला.

ही नावं उगाच आलेली नाहीत. प्रश्न विचारताना 'इज देअर' होतं, म्हणजे कर्त्याची खुर्ची 'देअर'कडे. पण कुत्रे दोन झाले की 'इज'चं 'आर' होतं, म्हणजे क्रियापद ऐकतं कुत्र्यांचं. प्रोग्रॅमरला हे पटकन कळतं : फंक्शनला आर्ग्युमेंट सक्तीचं आहे, द्यायला काही नाही, मग रिकामी व्हॅल्यू पाठवा.

पण 'रिकामी' म्हटलं की खरं काम नजरेआड होतं. आमच्या वर्धेकडची दोन वाक्यं बघा. 'वावरात विहीर हाय.' 'विहीर वावरात हाय.' पहिल्यात विहिरीची खबर मिळते. दुसऱ्यात विहीर आधीच माहीत आहे, फक्त ती कुठे आहे ते सांगितलंय. शब्द तेच, क्रम बदलला. हाच फरक दाखवायला इंग्रजीला 'देअर' लागतो. पहिलं वाक्य 'देअर इज अ वेल', दुसरं 'द वेल इज'. म्हणजे 'देअर' अर्थाने पोकळ असेल, पण बिनकामाचा नाही. पुढे नवीन काहीतरी येतंय, हे तो सांगतो.

'अस्तित्ववाचक' हे नावही मला पुरेसं वाटत नाही. मदतीला कोण आहे, या प्रश्नावर कुणी 'देअर इज युवर ब्रदर' म्हणालं, तर तो भावाचं अस्तित्व सिद्ध करत नाही. भाऊ आहे हे दोघांनाही ठाऊक आहे. त्याचं नाव उत्तर म्हणून पुढे येणं, हे नवीन. म्हणून मी या वाक्यांना 'खबरवाक्य' म्हणेन.

नावाने काय फरक पडतो? वर्गात पडतो. 'देअर म्हणजे तेथे' असं पाठ केलेलं पोर 'वेल इज इन फार्म' लिहितं, कारण त्याच्या वाक्यात 'तेथे' नाहीच. त्याला लाल रेघ मिळते, कारण मिळत नाही. 1937 मध्ये वर्ध्यातच भरलेल्या शिक्षण परिषदेने शिक्षणाचं माध्यम मातृभाषा असावं, असं ठरवलं होतं. ते इंग्रजीच्या तासालाही लागू करता येतं. मास्तरांनी एवढंच विचारावं : तुला विहिरीची खबर द्यायची आहे, की माहीत असलेल्या विहिरीची जागा सांगायची आहे? खबर असेल तर 'देअर' लाव. वऱ्हाडी बोलणाऱ्या पोराला हा फरक शाळेत जायच्या आधीपासून येतो. फक्त त्याला ते कुणी सांगितलेलं नसतं.

आणि उलट दिशेने, इंग्रजीतून मराठीत येताना, 'देअर' तिथेच सोडून द्यावा. 'आटपाट नगर होतं. तिथे एक राजा होता.' यातल्या 'तिथे'ला नगर आहे. आपल्या भाषेत हा शब्द अजून पत्त्यावर राहतो. अ‍ॅपच्या भाषांतरात त्याला बेघर करू नये.