रिद्धपूरचे धवळे

येथे सिकंदराबादेत महदाइसेचे ‘धवळे’ आम्ही पुन्हा वाचले, तेव्हा ही कवयित्री आम्हांस परकी वाटली नाही. तिचे गुरू चक्रधर जेथे वावरले ते पैठण १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होते. ‘आद्य मराठी कवयित्री’ एवढे म्हणून टीकाकार तिला नमस्कार करतात आणि पुढे जातात. आमची तक्रार या घाईबद्दल आहे.

महदाइसा बालविधवा. चक्रधरांनी स्त्रियांना संन्यासाचा अधिकार दिला, त्यांचा विटाळही मानला नाही. १२७४ च्या सुमारास ते उत्तरापंथे निघून गेले. आधार हरपलेली ही संन्यासिनी रिद्धपुरास गोविंदप्रभूंच्या सेवेस राहिली. तेथे मठाची शिस्त कसली? प्रभूंना लोक वेडे म्हणत. ते कोणाच्याही घरी जेवत, क्षणात हसत, क्षणात रागावत. शोक कवटाळून बसण्यास तेथे सवड नव्हती. अशा प्रभूंना एकदा लग्नाची लहर आली, आणि महदाइसेने तत्काळ रुक्मिणीस्वयंवराची वरगीते रचली, असे परंपरा सांगते.

जिला मंगलकार्यात उभे राहण्याचीही बंदी, तिने लग्नाची गाणी गावी! रचना सैल आहे, हे आम्हांस मान्य आहे. पण पंथाच्या दृष्टीने श्रीकृष्ण, गोविंदप्रभू आणि चक्रधर हे एकाच परमेश्वराचे अवतार. म्हणून निरोप्या ब्राह्मणाची वाट पाहणाऱ्या रुक्मिणीची तळमळ वाचताना, उत्तरेकडे गेलेल्या गुरूंकडे लागलेले महदाइसेचे डोळेच आम्हांस दिसू लागतात.