पंडिता रमाबाईंचा पत्रव्यवहार आणि धर्मप्रामाण्याचा प्रश्न

इंग्लंडांतील वाँटेज येथील सेंट मेरी भगिनीसंघाच्या भगिनी जेराल्डिन यांनीं संकलित केलेला पंडिता रमाबाईंचा इंग्रजी पत्रव्यवहार श्री. अ. भि. शहा यांनीं संपादिला व महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृति मंडळानें इ. स. १९७७ मध्यें प्रसिद्ध केला. बाईंविषयीं आमच्याकडे दोन मतें ऐकूं येतात. एक असें कीं, स्वधर्म सोडून त्यांनीं परक्यांची सत्ता पत्करली. दुसरें असें कीं, बाप्तिस्मा होतांच त्यांच्या सर्व शंका मिटल्या. हीं दोन्हीं मतें या पत्रांपुढें टिकत नाहींत, असें आम्हांस वाटतें.

बाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजीं वाँटेज येथें आंग्लपंथी चर्चमध्यें झाला. पुढील दोन वर्षांतच वाद पेटला. त्रैक्याचा सिद्धांत आणि अथानासियसच्या नांवें चालत आलेला मतांगीकार यांस बायबलाच्या शब्दांत आधार दाखवावा, हा बाईंचा आग्रह. चेल्टनहॅम येथें त्यांनीं पुरुष विद्यार्थ्यांस शिकवावें कीं नाहीं, या प्रश्नावर मुंबई व लाहोर येथील बिशपांनीं प्रतिकूल अभिप्राय दिला. कलकत्त्याच्या पंडितांकडून इ. स. १८७८ मध्यें ‘सरस्वती’ ही पदवी मिळविलेल्या विदुषीस हा निर्बंध मानवला नाहीं. क्रूसावरील अक्षरें लॅटिनच कां असावीं, संस्कृत कां नसावीं, असाही प्रश्न त्यांनीं केला.

संस्कृताच्या अभ्यासकास या वादाची जात ओळखीची वाटेल. श्रुति व स्मृति यांचा प्रत्यक्ष विरोध आला असतां श्रुतीच प्रमाण, असा मीमांसकांचा निर्णय आहे. स्मृतीचें प्रामाण्य उसनें असतें. बाईंनीं बायबलास श्रुतीचें स्थान दिलें आणि चर्चच्या ठरावांस स्मृतीचें. ही दृष्टि त्यांनीं मीमांसेंतूनच घेतली असें आम्ही म्हणत नाहीं. प्रॉटेस्टंटांचा मूळ बाणाही हाच आहे. परंतु आईजवळ संस्कृत शिकलेल्या या स्त्रीस मूळ वचन व त्यावरील भाष्य यांतील अंतर कोणी शिकविण्याची गरज नव्हती. भगिनी जेराल्डिन यांच्या मतें शास्त्राचा अर्थ परंपरेनेंच लावावयाचा. नवख्या शिष्येनें तो अधिकार हातीं घेणें हा अहंकार होय. हा पक्षही अगदीं पोकळ नाहीं. प्रत्येकानें आपापला अर्थ लावला तर धर्मसमाज एकत्र राहील कसा, हा त्यामागील प्रश्न खरा आहे.

संकलन वादांतील एका पक्षाच्या हातचें आहे, हें वाचकानें विसरूं नये. तथापि प्रतिपक्षाचीं तिखट पत्रेंही भगिनींनीं जपून ठेविलीं, याचें श्रेय त्यांना दिलेंच पाहिजे.

परंतु बाईंची परीक्षा येथें संपत नाहीं. इ. स. १९०७ मधील आपल्या साक्षींत त्या सांगतात कीं, ख्रिस्ती धर्म आपणांस आधीं मिळाला, ख्रिस्त मागाहून. ही भेट त्यांच्या बाप्तिस्म्यानंतर सुमारें आठ वर्षांनीं झाली. त्यानंतर लवकरच, इ. स. १८९३ मध्यें, पुण्याच्या शारदासदनांतील मुली बाईंच्या प्रार्थनेस बसूं लागल्या म्हणून रानडे व भांडारकर यांनीं सल्लागार मंडळ सोडलें. आतां संस्था बाईंची होती आणि विवेक त्या मुलींचा. आपण सक्ती केली नाहीं, केवळ दार उघडें ठेविलें, असें बाईंचें उत्तर. परंतु आश्रयदात्रीचें उघडें दारही आश्रितास आज्ञेसारखें वाटूं शकतें. वाँटेज येथें स्वतः आश्रित असतांना बाईंनीं हें अनुभविलें होतें. म्हणून रानडे-भांडारकरांची हरकत केवळ कर्मठपणाची होती, असें आम्हांस म्हणवत नाहीं.

हा प्रश्न एकट्या बाईंचाही नव्हे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनीं इ. स. १९१७ मध्यें अमेरिकन मराठी मिशनची चाकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ उभारिला. आमच्या वऱ्हाडांत अकोला-अमरावतीकडे अलायन्स मिशनचें व यवतमाळकडे फ्री मेथडिस्ट मिशनचें कार्य एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चाललें. अशा मिशनांच्या अहवालांत शाळा किती, बाप्तिस्मे किती, हें मिळतें. बाप्तिस्मा घेतलेल्या शेतकऱ्यानें, शिक्षकानें अथवा घरोघर जाणाऱ्या बायबलबाईनें मनापासून काय मानलें, मिशनपुढें कोठें मान तुकविली आणि कोठें नाहीं, हें त्यांत शोधून उपयोग नाहीं. तें जुन्या ख्रिस्ती घराण्यांच्या पेट्यांतील पत्रांत, रोजनिशींत आणि बायबलाच्या समासांतील टिपांत सांपडलें तर सांपडेल. वाँटेजच्या भगिनीनें विरोधी पत्रें राखलीं नसतीं, तर तेथील रमाबाईंविषयीं आपणांस बाप्तिस्म्याच्या नोंदीपलीकडे फारच थोडें कळलें असतें. वऱ्हाडांतील असे कागद वाळवीच्या तोंडीं जाण्यापूर्वीं मंडळाच्या सभासदांनीं त्यांच्या नकला करून घ्याव्या, अशी आमची विनंती आहे.