पाठभेदांचा विसर : दूरचित्रवाणीवरील ‘रामायण’ आणि तुलनेची सवय

रामानंद सागर यांच्या ‘रामायण’ या मालिकेच्या श्रेयनामावलीत वाल्मीकी आणि तुलसीदास यांच्याबरोबर तमिळ कंबरामायण, बंगाली कृत्तिवास, एकनाथांचे भावार्थरामायण, तेलुगू रंगनाथ रामायण, मल्याळम अध्यात्म रामायण, उर्दूतील चकबस्त आणि कन्नडमधील ‘रामचंद्रचरितपुराण’ अशी आधारग्रंथांची यादी येते. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला हेवा वाटावा अशी ही यादी आहे. तिच्यातील कन्नड ग्रंथापाशी मात्र थोडे थांबावे लागते. बाराव्या शतकाच्या सुमारास नागचंद्राने रचलेले हे जैन रामायण. त्यात रावणाचा वध राम करीत नाही, लक्ष्मण करतो. वानर ही माकडे नसून ध्वजावर वानराचे चिन्ह मिरवणारे विद्याधर आहेत. रावण हा एरवी थोर, परंतु एका मोहाच्या क्षणी ढळलेला पुरुष आहे. कन्नड समीक्षकांनी त्याच्याकडे शोकनायक म्हणून पाहिले आहे. ज्या काव्यात राम रावणाला मारतच नाही, ते काव्य रामाने रावणाला मारण्यात परिणत होणाऱ्या मालिकेचा आधार होते म्हणजे नेमके काय होते? नाव यादीत राहते आणि पाठ नाहीसा होतो. दूरचित्रवाणीने सार्वजनिक समजुतीचे जे नुकसान केले, त्याचे स्वरूप मला या विसंगतीत सर्वांत स्पष्ट दिसते.

या माध्यमावरील नेहमीचा आक्षेप वेगळा असतो. नील पोस्टमन यांनी १९८५ साली ‘अम्यूझिंग अवरसेल्व्ह्ज टू डेथ’ या ग्रंथात तो मांडला. मुद्रित शब्दाने घडवलेली तर्कशुद्ध सार्वजनिक चर्चा चित्रपडद्याने करमणुकीत विरघळवली, हे त्यांच्या विवेचनाचे सार. मराठी विचारवंतांनी हा आक्षेप बहुधा जसाच्या तसा उचलला. पण पोस्टमन यांच्यासमोर एकोणिसाव्या शतकातील ग्रंथवाचक अमेरिका होती. आपल्याकडे २५ जानेवारी १९८७ पासून दर रविवारी सकाळी जे लोक पडद्यासमोर बसले, त्यांतील बहुसंख्यांच्या हातून ग्रंथ हिरावला गेला नव्हता, कारण तो त्यांच्या हाती फारसा नव्हताच. त्यांच्याकडे कीर्तनकार होता, जात्यावरची सीता होती, घरातली आजी होती. पडद्याने ज्यांची जागा घेतली ते हे. तेव्हा नुकसानीचा हिशेबही इथल्याच मापाने मांडायला हवा.

हे माप कर्नाटकात आजही जिवंत पाहायला मिळते. किनारपट्टीवर आणि मलनाडात चालणारा ‘ताळमद्दळे’ हा यक्षगानाचाच एक प्रकार. त्यात वेशभूषा नाही, नृत्य नाही. भागवत प्रसंगातील पदे गातो आणि समोरासमोर बसलेले अर्थधारी आपापल्या पात्राच्या वतीने उत्स्फूर्त बोलतात. वालिवधाचा प्रसंग त्यांचा विशेष आवडता. झाडाआडून बाण का मारलास, हा वालीचा प्रश्न रामायणाच्या सर्व परंपरांना छळत आला आहे. ताळमद्दळेत त्या रात्री वालीचा अर्थ सांगणारा कलावंत प्रबळ असेल तर रामाचा अर्थ सांगणाऱ्याला घाम फुटतो. कथेचा शेवट ठरलेला असतो, वादाचा नसतो. श्रोता घरी जातो तो वालीचे म्हणणे बरोबर घेऊन, आणि रामावरील त्याच्या भक्तीला त्यामुळे कोणताही धक्का बसत नाही. आपल्या कीर्तनपरंपरेतही आख्यान रंगवताना कीर्तनकार पाठभेद सांगतो, शंका उपस्थित करतो, कधी ती तशीच ठेवतो. मोरोपंतांनी तर अष्टोत्तरशत रामायणे रचली म्हणतात; त्यांतील ‘निरोष्ठ रामायणा’त ओष्ठ्य वर्णच नाहीत. एकच कथा इतक्या वेळा सांगण्यामागे भक्ती होतीच, पण कथा प्रत्येक वेळी निराळी सांगता येते ही खात्रीही होती.

इथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. गदिमा आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून दर आठवड्याला असेच प्रसारित होत होते आणि मराठी माणसे त्यासाठी तशीच खोळंबत होती. मग त्याने पाठभेद का पुसले नाहीत? मला वाटते, त्यातील सीतेला चेहरा नव्हता. छप्पन्न गीतांतील प्रत्येक गीत कोणत्या ना कोणत्या पात्राच्या तोंडचे आहे आणि ते पुन्हा कोणालाही गाता येते. गायले की गाणाऱ्याचे होते. मालिकेतील सीतेला मात्र एकच चेहरा होता. त्या भूमिकेतील दीपिका चिखलिया १९९१ साली बडोद्यातून आणि रावणाची भूमिका करणारे अरविंद त्रिवेदी त्याच वर्षी साबरकांठातून लोकसभेवर निवडून गेले, हे सर्वज्ञात आहे. मतदार भोळे होते असे यावरून म्हणण्याची घाई करू नये. पण पात्र आणि नट यांतील जे अंतर ताळमद्दळेचा श्रोता सहज राखतो, ते पडद्यापुढे किती आकसले, याची ती एक खूण आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. पोथ्या एका फडताळात शेजारी शेजारी राहू शकतात. प्रक्षेपणाची वेळ मात्र एका वेळी एकालाच मिळते. बंगळूरने याची फार मोठी किंमत मोजली आहे. ऑक्टोबर १९९४ मध्ये इथल्या दूरदर्शन केंद्राने संध्याकाळच्या मोक्याच्या वेळी दहा मिनिटांचे उर्दू बातमीपत्र सुरू केले. विरोधाला हिंसक वळण लागले, वीसहून अधिक माणसांचे प्राण गेले आणि बातमीपत्र थांबवण्यात आले. त्यामागे भाषिक आणि धार्मिक राजकारण होते, हे उघड आहे. सारा दोष पडद्यावर टाकणे चुकीचे ठरेल. तरीही पिढ्यान्‌पिढ्या कन्नड, उर्दू, तमिळ, तेलुगू आणि मराठी एकाच बाजारात बोलणाऱ्या या शहरात दहा मिनिटांचा अवकाश ही जणू जिंकण्याची किंवा गमावण्याची भूमी झाली, ती माध्यमाच्या या रचनेमुळेच.

प्रेक्षक निव्वळ मुके होते असेही नाही. १९८८ साली मालिका राज्याभिषेकापाशी संपू लागली तेव्हा जालंधरच्या सफाई कामगारांनी संप केला. वाल्मीकींना आपले मानणाऱ्या त्या समाजाला उत्तरकांड हवे होते. पुढे ते आलेही. मात्र एक लक्षात घ्यावे : दुसरा पाठ हवा असणाऱ्यांनाही तो पडद्यावरच हवा होता.

त्यानंतर वाहिन्या वाढल्या. पाठ वाढले, असे म्हणवत नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात तीच मालिका पुन्हा दाखवण्यात आली आणि १६ एप्रिलचा भाग ७ कोटी ७० लाख प्रेक्षकांनी पाहिल्याचे दूरदर्शनने अभिमानाने जाहीर केले. वृत्तवाहिन्यांवरील रात्रीच्या चर्चांविषयी लांबण लावत नाही. पडद्यावर सहा चौकटी असतात, सहा तोंडे एकदम बोलतात. वालीच्या प्रश्नाला रामाने उत्तर दिलेच पाहिजे, हे अर्थधारींवरचे बंधन तिथे कोणावरही नाही.

म्हैसूरचे ए. के. रामानुजन यांनी १९८७ सालीच, म्हणजे मालिका सुरू झाली त्याच वर्षी, ‘तीनशे रामायणे’ हा आपला निबंध प्रथम मांडला. त्यात एका दलित कन्नड गायकाने गायिलेली कथा आहे : रावुळ गरोदर राहतो आणि शिंकतो, त्या शिंकेतून सीता जन्मते, कन्नडमध्ये ‘सीत’ म्हणजे शिंकला. हा निबंध ऑक्टोबर २०११ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या इतिहासाच्या अभ्यासक्रमातून वगळण्यात आला. वगळण्याची कारणे अनेक असतील. पण त्याला विरोध करणाऱ्यांना खटकली ती रामायणे अनेक आहेत ही गोष्टच. त्यांच्या आज्या-पणज्यांना ती कधीच खटकली नव्हती.

गेल्या सत्रात बंगळूरच्या वर्गात मी ही शिंकेची कथा सांगितली. काही हसले, काही अस्वस्थ झाले. एकाने विचारले, “सर, मग यातले खरे कोणते?” उत्तर कन्नडच्या एका विद्यार्थिनीने दिले. ती उत्तर कन्नड जिल्ह्यातील. म्हणाली, आमच्याकडे वालिवध असला की लोक आधी विचारतात, आज वाली कोण करतो आहे? तास संपत आला होता. नागचंद्राचा रावण मी पुढच्या आठवड्यावर ढकलला.