प्रेमकथा कोणी लिहावी?

मराठी समीक्षेत ‘रंजनवादी’ हा शब्द शिवीसारखा वापरला जातो. एकदा तो एखाद्या लेखकाला चिकटवला, की त्याची पुस्तके वाचण्याची जबाबदारी समीक्षक झटकून टाकतो. प्रेमकथा लिहिणारे बहुतेक सगळे या एका शब्दाखाली गाडले गेले. त्यांतली पुष्कळ पुस्तके त्याच लायकीची होती, हे मी नाकारत नाही. पण गाडताना कोणाला आधी मानाच्या खुर्चीवर बसवून घेतले आणि कोणाला सरळ खड्ड्यात टाकले, याचा हिशेब आपण मागितला पाहिजे. तो मागण्याचे निमित्त माझ्या एका विद्यार्थिनीने दिले.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या या मुलीने प्रेमकादंबरी लिहिली आहे. नायिका आपल्या वस्तीतली, नायक एस.टी.च्या वर्कशॉपात शिकाऊ. तिने हस्तलिखित एका प्रकाशकाकडे पाठवले. तिकडून फोन आला, की भाषा चांगली आहे. पण प्रेमकथेपेक्षा तुम्ही आत्मकथन लिहा, ते आम्ही लगेच घेऊ. मुलीचे वय एकवीस! नंतर तिने ते चळवळीतल्या आमच्या एका मित्राला दाखवले. तो म्हणाला, “समाज जळतोय आणि तू प्रेमाच्या गोष्टी लिहितेस?” प्रकाशकाला तिचे दुःख हवे होते, मित्राला तिचा राग. तिचे प्रेम मात्र दोघांनाही नको होते.

मी ज्या घरात वाढले तिथे माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढले नव्हते. पण कादंबऱ्या होत्या. आई धुणीभांडी करायची त्या घरची रद्दी आमच्याकडे यायची आणि तिच्यात वाचनालयाचे शिक्के मारलेल्या, कव्हर फाटलेल्या कादंबऱ्या असायच्या. आईला अक्षर येत नव्हते. रात्री मी वाचायची आणि ती ऐकायची. बंगला, बाग, टेनिस, मोटार, चहाचा ट्रे घेऊन येणारा गडी. आई ऐकता ऐकता मध्येच विचारायची, “ही पोरगी पाणी कवा भरती गं?” पुढे एम.ए.ला ना. सी. फडक्यांचे ‘प्रतिभासाधन’ अभ्यासले. १९३१ साली आलेल्या या पुस्तकात कथानकाची गुंफण, निरगाठ, उकल हे सारे तंत्र आहे. आईच्या प्रश्नाचे उत्तर मला त्यात सापडले नाही. नायिकेचे पाणी कोणीतरी दुसरी बाई भरत असते आणि त्या बाईला त्या कादंबरीत नाव नसते. फडक्यांच्या कलावादाची याहून नेमकी समीक्षा मी अजून वाचलेली नाही.

तरीही फडक्यांना खुर्ची मिळाली. ते प्राध्यापक होते, १९४० साली रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, १९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यांच्यामागून प्रेमकथेच्या बाजारात आलेल्या चंद्रकांत काकोडकरांना मिळाला तो खटला. १९६२ च्या ‘रंभा’ मासिकाच्या दिवाळी अंकात त्यांची ‘श्यामा’ ही कथा आली आणि अश्लीलतेविरुद्ध संस्था चालवणाऱ्या एका गृहस्थांनी पुण्याच्या कोर्टात फिर्याद केली. दंडाधिकाऱ्यांनी काकोडकरांना सोडले, उच्च न्यायालयाने दोषी धरून पंचवीस रुपये दंड केला आणि २५ ऑगस्ट १९६९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कथा अश्लील नसल्याचे सांगून त्यांना निर्दोष ठरवले. एक कथा स्वच्छ ठरायला सात वर्षे लागली. त्याच वर्षी त्यांच्या ‘नीलांबरी’वरून ‘दो रास्ते’ हा हिंदी चित्रपट आला आणि तुफान चालला. समीक्षकांनी न वाचलेल्या या लेखकाला न्यायमूर्तींनी मात्र ओळीन् ओळ वाचले!

आणि त्या निकालाच्या पाच-सहा आठवडे आधी, १८ जुलै १९६९ ला, अण्णा भाऊ साठे मुंबईत हलाखीत गेले.

अण्णा भाऊंचे नाव इथे का, असे कोणी विचारील. कारण ‘फकिरा’चा लेखक म्हणून आपण त्यांची जयंती करतो, पण त्यांनी प्रेमकथाही लिहिल्या हे आपण सोयीने विसरतो. ‘वैजयंता’त तमाशातली स्त्री नायिका आहे, त्यावर १९६१ साली चित्रपट निघाला. ‘आवडी’त वरच्या जातीतली मुलगी रामोशी तरुणावर प्रेम करते आणि भावाच्या हातून मरते. ‘आवडी’वरचा चित्रपट आला तोही १९६९ मध्येच. या कादंबऱ्यांत योगायोग आहेत, भडक प्रसंग आहेत, घाईही आहे. पण या नायिकांच्या हाताला घट्टे आहेत. त्या पाणी भरतात. प्रस्थापित समीक्षेने या कादंबऱ्यांना बाजारू म्हटले आणि आपण त्यांतला लढा तेवढा उचलून प्रेम बाजूला ठेवले.

घाईचे म्हणाल, तर ती धंद्यात होती. वाचनालयांसाठी पुठ्ठा बांधणीच्या कादंबऱ्या काढणारे प्रकाशक लेखकाला बहुधा एकरकमी पैसे द्यायचे आणि हक्क लिहून घ्यायचे. मग आवृत्त्या किती निघाल्या, लेखकाला काय त्याचे? चूल पेटवायची तर पुढचे पुस्तक लिहायला बसायचे. फडक्यांना नोकरी होती, चिरागनगरच्या झोपडीला नव्हती. ‘दर्जा’ या शब्दावर बोलताना ही गोष्ट कोणी सांगत नाही. आता ती वाचनालयेही राहिली नाहीत. १९७२ साली मुंबईत दूरदर्शन आले, पुढे मालिका आल्या, आणि दुपारच्या वेळी कादंबरी हातात धरणारी वाचक स्त्री पडद्यासमोर गेली. आमच्या तालुक्याच्या गावच्या वाचनालयाच्या जागी आज मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे.

१९७८ साली ‘बलुतं’ आले, १९८० साली ‘उपरा’. आत्मकथनांनी मराठी वाङ्मयाचे दार लाथ मारून उघडले; ती पुस्तके नसती तर मी वर्गात उभी राहिले नसते. पण त्याच दारावर आता पहारेकरी बसला आहे आणि तो विचारतो, जखम आणलीस का? जखम नसेल तर आत जागा नाही. ‘आमच्या दुःखाची समीक्षा करायला तुमचे निकष चालणार नाहीत’ असे आपण बजावले होते. आमचे सुख काय असते, ते सांगण्याचा हक्क आपण मागितलाच नाही.

प्रेम हा फावल्या वेळचा विषय आहे असे मानणाऱ्या मित्रांना मला एवढेच विचारायचे आहे: बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलना’त सहभोजन पुरेसे नाही, मिश्रविवाह हाच खरा उपाय आहे, असे सांगितले ते कशासाठी? २८ एप्रिल २०१४ ला तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या खर्डा गावी सतरा वर्षांच्या दलित मुलाचा खून झाला, तो वरच्या जातीतल्या मुलीशी बोलतो या संशयावरून. २०१७ साली आरोपी निर्दोष सुटले. ज्या समाजात मुलीशी बोलण्याची किंमत ही असते, तिथे दोन माणसांनी निर्भयपणे एकमेकांकडे पाहिले हे लिहिणे रंजन कसे ठरते?

माझ्या विद्यार्थिनीची कादंबरी थोर आहे असे मी म्हणत नाही. शेवटची साठ पाने टीव्ही मालिकेतून उचलल्यासारखी आहेत. नायकाला अचानक दुबईची नोकरी लागते, सासू एका रात्रीत बदलते. ते मी तिला तोंडावर सांगितले. ती रागावली, मग पाने परत घेऊन गेली. सध्या ती कादंबरी मोबाइलवरच्या एका अॅपवर भागाभागाने टाकते आहे, फक्त स्वतःच्या आणि वडिलांच्या नावाने. आडनाव का नाही, असे विचारले, तर म्हणाली, “मॅडम, आडनाव दिसलं की वाचणारे आधी नायकाची जात शोधतात. गोष्ट नंतर.”

पण दुसरे प्रकरण मी आईला वाचून दाखवले. पहाटे तीनला टँकर येतो, रांग लागते, नायिकेला झोप आवरत नाही आणि वर्कशॉपातून रात्रपाळी करून आलेला मुलगा तिची घागर एकेक पाऊल पुढे सरकवत राहतो. तिला जागे करत नाही. मी पान उलटायला थांबले, तर आई म्हणाली, “थांबलीस का? वाच की पुढं.”